मोटारसायकलचे डायनो ट्यूनिंग : खर्च आणि मोल यांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सायलेन्सर बदलला, एअर फिल्टर बदलला आणि आता कोणीतरी म्हणाले की डायनोवर मॅपिंग करून घे, अशा टप्प्यावर असलेल्या वाचकांसाठी ही प्रश्नोत्तरे आहेत. गेली काही वर्षे मी स्वतःच्या आणि मित्रांच्या गाड्या डायनोवर नेत आलो आहे. त्या अनुभवातून एक गोष्ट मनात पक्की बसली आहे. या कामात आपण घोड्यांची (हॉर्सपॉवरची) संख्या विकत घेत नसतो, जाणकार माणसाचा वेळ विकत घेत असतो. बहुतेक उत्तरे याच गोष्टीपाशी येऊन पोहोचतात.

डायनो ट्यूनिंग म्हणजे नेमके काय?

डायनो, म्हणजे डायनामोमीटर, हे इंजिनाची ताकद मोजण्याचे यंत्र आहे. मोटारसायकलीसाठी वापरतात त्या चेसिस डायनोमध्ये गाडीचे मागचे चाक एका जड लोखंडी ड्रमवर ठेवतात, पुढचे चाक खाचेत अडकवतात आणि गाडी पट्ट्यांनी घट्ट बांधतात. चाक ड्रमला किती जोराने फिरवते यावरून यंत्र टॉर्क (फिरवण्याचा जोर) काढते, आणि टॉर्क व फेरे यांच्या गुणाकारातून पॉवर निघते. न्यूटन-मीटरमधील टॉर्कला आरपीएमने (मिनिटाला होणाऱ्या फेऱ्यांनी) गुणून ९,५४९ ने भागले की किलोवॉट मिळतात. यात गूढ असे काही नाही.

साध्या इनर्शिया डायनोमध्ये नुसता ड्रम असतो. ड्रमचे वजन ठाऊक असल्यामुळे तो किती वेगाने गती घेतो एवढेच मोजले जाते. त्यावर पूर्ण थ्रॉटलचा रन, म्हणजे ॲक्सिलरेटर पूर्ण उघडून केलेली एक मोजणी, उत्तम घेता येतो, पण गाडी ४,००० आरपीएमवर, वीस टक्के थ्रॉटलला, दहा सेकंद स्थिर धरता येत नाही. त्यासाठी ड्रमला विद्युतचुंबकीय ब्रेक जोडलेला लागतो. आपण रस्त्यावर नव्वद टक्के वेळ अर्ध्याहून कमी थ्रॉटलवर चालवतो. त्यामुळे रोजच्या वापराच्या गाडीचे ट्यूनिंग करायचे असेल तर ब्रेक असलेला डायनो शोधावा, हा माझा पहिला आग्रह आहे.

ट्यूनिंगमध्ये मोजणीच्या जोडीला एक्झॉस्टमध्ये वाइडबँड सेन्सर बसवतात. हवा-इंधनाचे खरे गुणोत्तर (एक भाग पेट्रोलला किती भाग हवा) तो सांगतो आणि त्यानुसार ईसीयूतील, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या संगणकातील, इंधनाचा व इग्निशनच्या (ठिणगीच्या) वेळेचा तक्ता, म्हणजेच मॅप, दुरुस्त केला जातो. ‘कस्टम’ या शब्दाचा अर्थ एवढाच की हा तक्ता आपल्याच गाडीवर, तिच्या आजच्या अवस्थेत तयार झाला आहे.

एकूण खर्च किती धरावा?

पुणे-मुंबई पट्ट्यात मला सांगितले गेलेले दर ढोबळमानाने असे आहेत. दोन-तीन रन घेऊन निव्वळ आलेख हवा असेल तर दीड ते साडेतीन हजार रुपये लागतात. एका सिलिंडरच्या गाडीच्या संपूर्ण ट्यूनिंगची मजुरी आठ ते वीस हजारांच्या दरम्यान सांगितली जाते. दोन किंवा चार सिलिंडरच्या मोठ्या गाडीला त्याहून बरेच जास्त पडतात, कारण तेथे सिलिंडरनिहाय तक्ते असतात आणि वेळही दुप्पट जातो. शहर, यंत्र आणि माणूस यांप्रमाणे दर बदलतात, तेव्हा हे आकडे अंदाजापुरते घ्यावेत. अमेरिकेत याच कामाचे साधारण ३०० ते ६०० डॉलर घेतले जातात.

मात्र मजुरी हा एकूण खर्चाचा लहान भाग असतो, आणि येथेच अनेकांचा हिशेब चुकतो. समजा ३७३ सीसीच्या केटीएम ३९० ड्यूकवर काम करायचे आहे. फुल सिस्टीम एक्झॉस्टचे ३५ हजार, फिल्टरचे ५ हजार, पिगीबॅक ईसीयूचे (मूळ ईसीयूला जोडून त्याचे इंधनाचे आकडे बदलणाऱ्या डब्याचे) २२ हजार, ट्यूनिंगचे १२ हजार, आणि नवीन प्लग, ऑइल, गॅस्केट, जाण्या-येण्याचे पेट्रोल असे ३ हजार धरले, तर बेरीज ७७ हजारांवर जाते. गाडीच्या किमतीचा हा जवळजवळ चौथा हिस्सा झाला. एवढे करून चाकावर साडेतीन घोडे वाढले असे धरले, तर प्रत्येक घोडा २२ हजारांना पडला.

याच्या शेजारी दुसरा हिशेब ठेवून पाहावा. याच गाडीला पुढे १५ दातांचे आणि मागे ४५ दातांचे स्प्रॉकेट येते. पुढचे स्प्रॉकेट १४ दातांचे केले की प्रत्येक गिअरमध्ये चाकाशी येणारी ओढ सुमारे सात टक्क्यांनी वाढते, आणि खर्च काही शे रुपयांचा असतो. बदल्यात हायवेवर त्याच वेगाला इंजिन सात टक्के जास्त फिरते आणि टॉप स्पीडलाही थोडी कात्री लागते. ज्याला फक्त सिग्नलवरून गाडी चपळाईने निघायला हवी आहे, त्याने आधी हा प्रयोग करावा आणि ७७ हजार खिशात ठेवावेत, असे मी मनापासून सांगेन.

नुसता रन तीन मिनिटांत होतो, मग ट्यूनिंगला एवढे पैसे का?

कारण काम तक्त्यातील घरांचे असते. एका प्रचलित पिगीबॅक मॉड्यूलमध्ये थ्रॉटलचे दहा स्तंभ असतात आणि दर २५० आरपीएमला एक ओळ असते. इंजिन १०,००० पर्यंत फिरत असेल तर ती चारशे घरे झाली. सगळीच घरे भरावी लागत नाहीत, कारण दोन टक्के थ्रॉटलला कोणी ९,००० आरपीएमवर पोहोचत नाही. तरीही वापरात येणारी दीड-दोनशे घरे उरतातच.

एका दुपारचे काम डोळ्यांसमोर आणतो. गाडी बांधलेली आहे, समोर माणसाच्या उंचीचा पंखा इंजिनावर वारा सोडतो आहे, एक्झॉस्टचा धूर बाहेर नेणारी जाड नळी सायलेन्सरच्या तोंडाशी लावली आहे. ट्यूनर गाडीवर बसून थ्रॉटल दहा टक्क्यांवर धरतो, ब्रेक इंजिनाला ३,००० वर रोखतो, पडद्यावर गुणोत्तर १४.९ दिसते, तो आकडा टिपतो आणि ३,२५० वर जातो. अर्ध्या तासाने इंजिन इतके तापते की थांबावेच लागते, कारण तापलेल्या इंजिनात शिरणारी हवा विरळ होऊन पुढची सगळी मोजणी खोटी ठरते. मग पंखा चालू ठेवून चहा होतो आणि पुन्हा पंधरा टक्क्यांचा स्तंभ सुरू होतो. चार ते सहा तास असे जातात. डायनोची किंमत, जागा, वीज आणि टायरची झीज यांचे पैसे त्यात असतातच, पण मुख्य पैसे या धीराचे असतात. जो चाळीस मिनिटांत गाडी परत देतो, त्याने पूर्ण थ्रॉटलचा एक स्तंभ भरला असावा आणि बाकीची घरे अंदाजाने रंगवली असावीत, असे समजायला हरकत नाही.

पॉवर किती वाढेल?

पूर्णपणे कंपनीच्या अवस्थेतील, टर्बो नसलेल्या गाडीवर दोन ते पाच टक्के वाढ मिळाली तर समाधान मानावे. एक्झॉस्ट आणि फिल्टर बदललेल्या गाडीवर त्याहून थोडी जास्त मिळते, पण त्यातील बराचसा वाटा त्या सुट्या भागांचा असतो. ट्यूनिंग तो वाटा वाया जाऊ देत नाही, इतकेच. इंजिनात जेवढी हवा शिरते तेवढेच इंधन जळू शकते. संगणकातून हवा वाढवता येत नाही. हा साधा नियम लक्षात ठेवला की ‘फक्त मॅपिंगने दहा घोडे’ अशा जाहिरातींचा निकाल तेथेच लागतो.

मग पैशाचे मोल कशात आहे?

आलेखाच्या मधल्या भागात आहे. मित्राच्या रॉयल एनफिल्ड इंटरसेप्टरचे उदाहरण देतो. ६४८ सीसीचे हे जुळे इंजिन मुळातच मऊ आणि समजूतदार आहे. कंपनी ४७ घोड्यांची पॉवर आणि ५२ न्यूटन-मीटर टॉर्क सांगते. त्याने सरळ आरपार जाणारे दोन सायलेन्सर आणि मोकळा फिल्टर बसवला. त्यानंतर चौथ्या गिअरमध्ये पन्नास-साठच्या वेगाने जाताना थ्रॉटल हलकेच उघडला की गाडी क्षणभर अडखळायची आणि मग एकदम ओढ घ्यायची. घाटातल्या वळणावर तो क्षण फार नकोसा असतो. डायनोवर कारण उघड दिसले. ४,००० आरपीएमच्या आसपास, वीस टक्के थ्रॉटलला, मिश्रण १५ च्या वर गेले होते. म्हणजे हवा जास्त आणि पेट्रोल कमी. त्या पट्ट्यात सहा-सात टक्के इंधन वाढवल्यावर टॉर्कच्या रेषेतील खड्डा भरून निघाला. संध्याकाळी हातात आलेल्या कागदावर कमाल पॉवर जेमतेम एक घोडा वाढलेली होती, आणि घरी परतताना मित्र म्हणाला की गाडी आता ‘बोट धरून चालते’. ते एक वाक्य त्या कागदापेक्षा खरे होते.

थ्रॉटल आणि चाक यांच्यातले नाते सुरळीत होणे, गाडी कमी आरपीएमवर न धडधडता ओढणे, ट्रॅफिकमध्ये कमी तापणे, आणि मागे बसलेल्या माणसाचे हेल्मेट आपल्या हेल्मेटवर न आदळणे, या गोष्टींसाठी पैसे द्यावेत. रोज तीस-चाळीस किलोमीटर चालवणाऱ्याला हे सुख प्रत्येक दिवशी मिळते. महिन्यातून एकदा गाडी बाहेर काढणाऱ्याने त्याचा भाव आपापल्या परीने ठरवावा.

तयार मॅप स्वस्तात किंवा फुकट मिळतो. तो का वापरू नये?

अवश्य वापरून पाहावा. तुमचा एक्झॉस्ट आणि फिल्टर त्या मॅपच्या वर्णनाशी तंतोतंत जुळत असतील, तर तयार मॅप बहुतेक फायदा देतो. उरलेला फरक इंजेक्टरमधील लहानसहान तफावतीचा, इंजिनाच्या झिजेचा आणि स्थानिक पेट्रोलचा असतो. परदेशातील मॅप बऱ्याचदा तेथील ९५ ऑक्टेनच्या पेट्रोलवर बेतलेले असतात, तर आपल्याकडच्या साध्या पेट्रोलचे मानक अनेक वर्षे ९१ चे होते. इग्निशन पुढे ओढलेला, म्हणजे ठिणगी लवकर पाडणारा, असा मॅप साडेबारासारखे चढे कॉम्प्रेशन असलेल्या इंजिनात टाकला, तर भर उन्हात नॉकिंगचा, म्हणजे मिश्रण अवेळी पेटून इंजिनात ठोके बसण्याचा, धोका राहतो. निव्वळ इंधनाचा तयार मॅप आणि इग्निशनला हात लावणारा तयार मॅप यांत म्हणूनच फरक करावा. पहिल्याने फार तर ॲव्हरेज बिघडेल. दुसरा पिस्टनला भोक पाडू शकतो.

गाडी अगदी स्टॉक (कंपनीने दिली तशीच) आहे. ट्यूनिंग करून घ्यावे का?

माझे मत स्पष्टपणे नाही असे आहे, एक अपवाद सोडून. काही गाड्या प्रदूषणाच्या मानकांसाठी कमी थ्रॉटलवर इतक्या लीन (हवा जास्त, पेट्रोल कमी) ठेवलेल्या असतात की पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये त्या धक्के देतात. ते धक्के खरोखर सहन होत नसतील, तर विचार करावा. एरवी तेच पैसे चांगल्या टायरवर, ब्रेक पॅडवर, सस्पेन्शनच्या ऑइलवर आणि रायडिंगच्या एखाद्या दिवसभराच्या प्रशिक्षणावर खर्च करावेत. गाडी जास्त वेगाने आणि जास्त सुरक्षितपणे घाट चढते ती त्यामुळे.

ॲव्हरेजवर काय परिणाम होतो?

ट्यूनर कोणते लक्ष्य ठरवतो यावर ते अवलंबून आहे. शुद्ध पेट्रोल पूर्ण जळण्यासाठी एक किलो पेट्रोलला १४.७ किलो हवा लागते. सर्वाधिक ताकद मात्र १३ च्या आसपास मिळते. पूर्ण थ्रॉटलला १३ ठेवणे योग्यच आहे, पण हायवेवर संथ चालतानाही १३.५ ठेवले तर सुमारे नऊ टक्के पेट्रोल जास्त जाते. ३० चा ॲव्हरेज साडेसत्तावीसवर येतो. महिन्याला हजार किलोमीटर चालवणाऱ्याला साधारण तीन लिटर, म्हणजे आजच्या भावाने तीनशे रुपयांहून थोडे अधिक, दरमहा जास्त मोजावे लागतील. म्हणून काम सुरू होण्यापूर्वीच सांगावे की क्रूझिंगचा पट्टा काटकसरीचा ठेवा. चांगला ट्यूनर या सांगण्यावर नाराज होत नाही.

कंपनीच्या ईसीयूत आणखी एक गोष्ट असते. एक्झॉस्टमधील मूळ ऑक्सिजन सेन्सर संथ चालीत मिश्रण सतत पूर्ण ज्वलनाच्या बिंदूकडे खेचत राहतो. तो सेन्सर चालू ठेवून त्याच पट्ट्यात कोणी जास्त इंधन भरले, तर ईसीयू ते हळूहळू काढून टाकतो आणि दोन आठवड्यांत गाडी पूर्वीसारखी वाटू लागते. ‘मॅप उतरला’ अशी तक्रार येते त्यामागे पुष्कळदा हेच असते.

ई२० पेट्रोल आल्यापासून ट्यूनिंगची गरज वाढली आहे का?

थोडी वाढली आहे, आणि हा विषय मला महत्त्वाचा वाटतो. इथेनॉलच्या रेणूतच ऑक्सिजन असतो. त्यामुळे निव्वळ इथेनॉलला हवा ९ पटच लागते, आणि २० टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलचा बिंदू १४.७ वरून साधारण साडेतेरावर येतो. दहा टक्क्यांच्या मिश्रणावरून वीसवर गेलो तर तेवढ्याच हवेला सुमारे चार टक्के जास्त इंधन लागते. संथ चालीत सेन्सर ही भरपाई करतो. पण मोठ्या थ्रॉटलला बहुतेक गाड्यांचा ईसीयू सेन्सरकडे न पाहता ठरलेल्या तक्त्यावर चालतो, आणि जुन्या पेट्रोलवर बेतलेला तो तक्ता आता चार टक्के लीन पडतो. कंपनीने मुळात सढळ हाताने इंधन ठेवलेले असेल तर हे खपून जाते. मोकळा एक्झॉस्ट बसवून आधीच लीन झालेल्या गाडीत मात्र दोन्ही तुटी एकत्र येतात.

तेव्हा तीन-चार वर्षांपूर्वी मॅप करून घेतला असेल, तर एकदा वाइडबँड लावून पूर्ण थ्रॉटलचा रन तपासून घ्यावा. संपूर्ण ट्यूनिंग पुन्हा करण्याची गरज नाही. ट्यूनरशी बोलताना गुणोत्तराऐवजी लॅम्डामध्ये (प्रत्यक्ष गुणोत्तर भागिले पूर्ण ज्वलनाचे गुणोत्तर) बोलावे, कारण इंधन कोणतेही असले तरी पूर्ण ज्वलनाचा लॅम्डा १ हाच असतो आणि आकड्यांचा घोळ टळतो.

दोन ठिकाणी दोन वेगळे आकडे आले. खोटे कोण बोलते?

कदाचित कोणीच नाही. टायरमधील हवा, पट्ट्यांचा ताण, निवडलेला गिअर, इंजिनाचे तापमान आणि डायनोची जात, या सगळ्यांनी आकडा हलतो. शिवाय कंपनी सांगते ती पॉवर क्रँकशाफ्टवरची असते. चेन, गिअरबॉक्स आणि टायर यांत दहा ते पंधरा टक्के जातात, म्हणून ब्रोशरमधील ४३ चे चाकावर ३८ दिसले तर गाडी आजारी आहे असे समजू नये.

मात्र एका ठिकाणी सावध राहावे. त्या दिवसाचे तापमान आणि हवेचा दाब लक्षात घेऊन यंत्र आकडा सुधारते, आणि हे सुधारणेचे मानक निवडता येते. एसएई मानकापेक्षा एसटीडी मानकाने तोच रन सुमारे चार टक्के मोठा दिसतो. माझ्या स्वतःच्या ३९० च्या बाबतीत हे घडले. एका वर्कशॉपने मला आधीचा आलेख ३८.२ आणि नंतरचा ४१.१ असा दाखवला आणि मी आनंदाने पैसे दिले. घरी दिव्याखाली कागद धरला तेव्हा कोपऱ्यातील बारीक अक्षरे वाचली. आधीच्या रनवर एसएई होते आणि नंतरच्या रनवर एसटीडी. चार टक्के वजा केले की ४१.१ चे ३९.५ होतात. जवळजवळ तीन घोड्यांची म्हणून दाखवलेली वाढ प्रत्यक्षात सव्वा घोड्याची होती. ती एक सेटिंग चुकून बदलली असे मला सांगण्यात आले. तेव्हापासून मी आलेखाचा कोपरा आधी वाचतो आणि रेषा नंतर पाहतो, आणि तुम्हीही तसेच करावे अशी विनंती आहे. त्याच कोपऱ्यात स्मूदिंगचा, म्हणजे रेष किती गुळगुळीत करून दाखवली आहे याचा, आकडाही असतो. तो दोन्ही रनना सारखा असावा, कारण जास्त स्मूदिंगने खड्डे झाकले जातात.

पुण्यात ट्यून केलेली गाडी महाबळेश्वरला किंवा लडाखला चालेल का?

चालेल. समुद्रसपाटीपासून दर शंभर मीटरला हवा साधारण एक टक्का विरळ होते. त्या हिशेबाने ५६० मीटरवरच्या पुण्यात गाडी मुंबईपेक्षा पाच-सहा टक्के कमी ताकद देते आणि महाबळेश्वरात त्याहून कमी. खारदुंग ला ५,३५९ मीटरवर आहे, तेथे हवेची घनता समुद्रसपाटीच्या साठ टक्क्यांच्याही खाली येते. इंजेक्शनच्या गाडीचा ईसीयू दाबाच्या सेन्सरवरून इंधन आपोआप कमी करतो आणि पिगीबॅक मॉड्यूल त्यावर टक्केवारीने बेरीज-वजाबाकी करते, म्हणून प्रमाण टिकून राहते. ताकद कमी होतेच. ती कोणत्याही मॅपने परत येत नाही.

सायलेन्सर फटफट फुटतो. ट्यूनिंगने थांबेल का?

आधी दहा रुपयांचा इलाज करावा. इंजिन गार असताना सुरू करून हेडर (इंजिनातून निघणारा एक्झॉस्टचा पाईप) आणि सायलेन्सर यांच्या जोडावर साबणाचे पाणी सोडावे. बुडबुडे आले तर गॅस्केट गळते आहे. तेथून ताजी हवा आत ओढली जाते आणि थ्रॉटल सोडताना न जळलेले पेट्रोल पाईपात पेटते. गळती असताना वाइडबँड सेन्सरही चुकीचा आकडा दाखवतो, म्हणजे त्या अवस्थेत केलेले ट्यूनिंग मुळातच वाया जाते. जोड घट्ट असूनही आवाज राहिला, तरच तक्त्यातील शून्य थ्रॉटलचा स्तंभ पाहावा.

वॉरंटी, विमा आणि कायदा यांचे काय?

ईसीयू फ्लॅश केल्याची, म्हणजे त्यातला मूळ मॅप पुसून नवा लिहिल्याची, नोंद बऱ्याच गाड्यांत सर्व्हिस सेंटरला दिसते आणि इंजिनाची वॉरंटी नाकारली जाऊ शकते. पिगीबॅक काढून ठेवता येते, पण त्या काळात झालेली झीज काढता येत नाही. विमा कंपनीला बदल कळवलेले नसतील तर दाव्याच्या वेळी वाद उभा राहतो.

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीतील तपशिलांपेक्षा वेगळे बदल करण्यावर निर्बंध आहेत. २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ नुसार परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलामागे मालकाला ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकते. आवाज आणि धूर यांच्या मानकांचे उल्लंघन कलम १९० मध्ये येते, आणि तेथे दंड १०,००० रुपयांपर्यंत जातो. जप्त केलेल्या सायलेन्सरवर पोलिसांनी रोड रोलर फिरवल्याचे आपण सगळ्यांनीच पाहिले आहे. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धुरातील विषारी वायू कमी करणारा भाग) काढून टाकणारा एक्झॉस्ट रस्त्यावरच्या गाडीला बसवू नये, असे माझे ठाम मत आहे. आपण सोडलेला धूर आपल्याच मागच्या स्कूटरवरच्या मुलाच्या नाकात जातो. शर्यतीची, फक्त ट्रॅकवर चालणारी गाडी हा वेगळा विषय आहे.

अमेरिकेत राहणाऱ्या मराठी वाचकांनी हेही ध्यानात ठेवावे की तेथे हा कायदा अधिक कडक आहे. उत्सर्जन वाढवणारी ट्यूनिंगची उपकरणे विकल्याबद्दल २०१६ मध्ये हार्ले-डेव्हिडसनने तेथील पर्यावरण संस्थेशी तडजोड करताना १.२ कोटी डॉलरचा दंड मान्य केला होता.

कार्ब्युरेटरच्या जुन्या गाडीचे ट्यूनिंग डायनोवर होते का?

होते, आणि ते पाहणे हा आनंद असतो. तक्त्याऐवजी येथे पितळी जेट असतात. बंद-अर्धवट थ्रॉटलला पायलट जेट, मध्यावर सुई आणि पूर्ण थ्रॉटलला मेन जेट काम करते. प्रत्येक बदलासाठी कार्ब्युरेटर उघडावा लागतो, त्यामुळे वेळ बराच जातो. जेटचा संच सोबत न्यावा. आरएक्स १०० सारख्या टू-स्ट्रोक गाडीला लीन मिश्रण फोर-स्ट्रोकपेक्षा अधिक घातक असते, कारण इंजिनाचे ऑइलही पेट्रोलसोबतच आत जाते. कमी पेट्रोल म्हणजे पिस्टनला कमी गारवा आणि, टाकीतच ऑइल मिसळून चालवत असाल तर, कमी वंगणही. जुन्या पिस्टनवर पूर्ण थ्रॉटलचे वारंवार रन घेऊ नयेत.

गाडी नेण्यापूर्वी कोणती तयारी करावी?

एअर फिल्टर आणि ऑइल ताजे असावे, प्लग नवीन किंवा तपासलेले असावेत, चेन स्वच्छ, ताणलेली आणि वंगण दिलेली असावी. व्हॉल्व्ह क्लिअरन्स (व्हॉल्व्हच्या टोकाशी ठेवलेली बारीक फट) तपासून घ्यावा; घट्ट झालेल्या व्हॉल्व्हची चूक मॅपने झाकायला जाणे हा पैशांचा अपव्यय आहे. क्लच घसरत असेल तर आलेखात आरपीएम चढते आणि चाकाचा वेग मागे राहतो, मग ट्यूनरला काम थांबवावे लागते आणि तासाचे पैसे मात्र जातात. मागचा टायर तळापर्यंत झिजलेला नसावा. आणि रोज ज्या पंपावर पेट्रोल भरता त्याच पंपाच्या पेट्रोलने टाकी भरून न्यावी. त्या दिवसापुरते महागडे १०० ऑक्टेन भरून ट्यून केले, तर पुढे कायम तेच भरावे लागेल.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे बसवायचे ते सगळे भाग आधी बसवून मगच जावे. आज सायलेन्सर आणि दोन महिन्यांनी फिल्टर, असे केले तर ट्यूनिंगचे पैसे दोनदा जातात.

ट्यूनरला काय विचारावे, आणि हातात काय घेऊन बाहेर पडावे?

डायनोला ब्रेक आहे का, किती तास धरले आहेत, अर्धवट थ्रॉटलचे स्तंभ भरणार का आणि इग्निशनला हात लावणार का, एवढे चार प्रश्न पुरतात. उत्तरे देताना माणूस घाई करतो की खुर्ची पुढे ओढून देतो, यावरून पुष्कळ कळते. बाहेर पडताना आधीचा आणि नंतरचा आलेख, दोन्ही एकाच मानकाने आणि गुणोत्तराच्या रेषेसह, मागून घ्यावा. मूळ आणि नवीन मॅपची फाइल स्वतःच्या पेन ड्राइव्हवर घ्यावी. काही जण फाइल कुलूपबंद करून देतात. त्यांच्या कष्टांचे संरक्षण मी समजू शकतो, पण ते आधी सांगितलेले असावे, कारण उद्या ते दुकान बंद झाले तर तुमची गाडी दुसरा कोणी उघडू शकणार नाही.

पैसे देण्यापूर्वी वीस मिनिटे रस्त्यावर चालवून पाहण्याची मुभा मागावी. गार इंजिन सुरू होते का, सिग्नलला आयडलिंग स्थिर राहते का, आणि ३,००० ते ५,००० मध्ये थ्रॉटल मिलिमीटरभर उघडल्यावर गाडी काय करते, हे डायनोवर कळत नाही. काही खटकले तर परत जाऊन सांगावे. पहिल्या शंभर-दोनशे किलोमीटरनंतरची एक बारीक दुरुस्ती मजुरीत धरलेली आहे की नाही, हे आधीच ठरवून घेतलेले असले म्हणजे दोन्ही बाजूंना अवघड वाटत नाही.